बंद पडलेल्या किडनीत काय वाढतं?

मागच्या उन्हाळ्यात अक्कलकोटकडच्या एका मावशी मुलाच्या पायाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. मुलाचं डायलिसिस सुरू होतं. वय 31. 4 वर्षांपासून तो आठवड्यातून तीनदा एसटीनं सोलापूरला यायचा. मावशी स्वतःची एक किडनी त्याला देणार होत्या आणि पुण्यात ऑपरेशनही ठरलं होतं. मशीनकडं बघत त्यांनी मला विचारलं, "ताई, नवीन बसवल्यावर याच्या जुन्या किडन्या कुठं टाकतात ओ?"

"टाकत नाहीत मावशी. काढतच नाहीत. आतच राहतात त्या."

"म्हणजे बिघडलेल्या दोन आत ठेवून तिसरी बसवायची?"

"हो."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग त्या आत बसून काय करत्यात?"

मी 14 वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्या नातेवाइकानं विचारला नव्हता. त्या दिवशी शेजारच्या मशीनचा अलार्म वाजत होता, त्यामुळं उत्तर अर्धवटच राहिलं. ते आता सावकाश लिहिते, कारण डायलिसिसवर असलेल्या किंवा ट्रान्सप्लांट झालेल्या प्रत्येक घराला ते ठाऊक असायला हवं.

नवीन किडनी पोटाच्या खालच्या भागात, बहुतेक वेळा उजवीकडं, जांघेच्या थोडं वर बसवतात. तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या सर्जनच्या हाताशी येतात आणि लघवीची पिशवीही जवळ असते. जुन्या दोन मात्र मागं, पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला असतात. त्या काढायच्या म्हणजे आणखी एक मोठं ऑपरेशन. म्हणून त्यांच्यात वारंवार इन्फेक्शन होत असेल, त्या फार मोठ्या झाल्या असतील किंवा त्यांच्यामुळं बीपी कशालाच जुमानत नसेल, तरच काढतात. एरवी राहू देतात, आणि ते योग्यच आहे.

पण "किडनी फेल झाली" असं ऐकलं की आपल्या डोळ्यासमोर मेलेला अवयव येतो. तसं नसतं. सोलापूरच्या माणसाला हे समजायला सोपं आहे. मिल बंद पडली, भोंगा थांबला, साचे थांबले, तरी आवार तिथंच राहिलं. पाऊस पडतच राहिला आणि राखण नसलेल्या त्या आवारात बाभळी माजल्या. किडनीचं रक्त गाळायचं काम थांबतं, पण तिच्या पेशी जिवंत असतात. त्यांना रक्त मिळत असतं. त्या वाढतात, एकीच्या दोन होतात. काम नाही म्हणून वाढ थांबत नाही. उलट, काम बंद पडण्याच्या वाटेवरच ही वाढ सुरू होते.

पाण्याच्या गाठी कशा होतात

प्रत्येक किडनीत साधारण 10 लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला एक लांब, वळणावळणाची नळी जोडलेली असते. रक्तातलं पाणी गाळणीतून नळीत उतरतं, नळीच्या आतल्या पेशी त्यातलं कामाचं परत घेतात आणि टाकाऊ ते लघवीत जातं. मधुमेहानं, बीपीनं, मुतखड्यानं किंवा वर्षानुवर्षं मनानं खाल्लेल्या पेनकिलरनं या गाळण्या एकेक करून मरतात. मग चार मागांचा माल एकाच मागावर काढायची वेळ येते. उरलेल्या नळ्या जाड होतात, त्यांच्या आतल्या पेशी भराभर वाढू लागतात. त्यातच किडनीत व्रण धरतात, काही नळ्यांची तोंडं बुजतात आणि आत पाणी साचतं. नळी एखाद्या ठिकाणी फुगते, तिचा फुगा होतो. त्यालाच रिपोर्टमध्ये सिस्ट लिहितात आणि आपण पाण्याची गाठ म्हणतो.

घराण्यात असा आजार नसताना, किडनी निकामी झालेल्या माणसाच्या दोन्ही किडन्यांत अशा तीन किंवा जास्त गाठी दिसल्या की त्याला अक्वायर्ड सिस्टिक किडनी डिसीज म्हणतात. अक्वायर्ड म्हणजे जन्मानं न आलेला, मागाहून जडलेला. डायलिसिस सुरू होण्याआधीच काहींना तो असतो. डायलिसिसची वर्षं वाढतात तसं प्रमाण वाढत जातं, आणि 8-10 वर्षं डायलिसिसवर काढलेल्या बहुतेकांच्या किडन्यांत या गाठी सापडतात. म्हणजे "तुमच्या किडनीत सिस्ट आहेत" एवढं वाक्य ऐकून घाबरायचं कारण नाही. पाण्याची गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे.

इथं एक घोळ नेहमी होतो. पॉलिसिस्टिक किडनी नावाचा दुसरा, आनुवंशिक आजार आहे. त्यात किडन्या आधी गाठींनी भरून प्रचंड मोठ्या होतात आणि त्यामुळं निकामी होतात. लिव्हरमध्येही गाठी असतात, आई किंवा वडील यांच्याकडून तो येतो, म्हणून मुलांचीही तपासणी करावी लागते. मी सांगते आहे त्या आजारात क्रम उलटा असतो. किडनी आधी निकामी होते, आक्रसून 7-8 सेंटीमीटरची होते (निरोगी किडनी साधारण 10-11 सेंटीमीटरची असते) आणि मग त्या आक्रसलेल्या किडनीत गाठी येतात. हा मुलांना वारशानं मिळत नाही. एका घरात सासऱ्यांच्या रिपोर्टवर "सिस्टिक" एवढा शब्द वाचून नातीचं लग्न ठरवायचं थांबवलं होतं. त्या घरी जाऊन हाच फरक समजावून सांगायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

आता मुद्द्याचं. ज्या पेशी सतत दुप्पट होत राहतात, त्यांच्यात कधी ना कधी नक्कल करताना चूक होते. निरोगी शरीर अशा चुकीच्या पेशी हुडकून मारतं. किडनी निकामी झालेल्याच्या रक्तात मात्र टाकाऊ द्रव्यं साठलेली असतात, प्रतिकारशक्ती दुबळी झालेली असते. चुकीची पेशी निसटते. पाण्याच्या गाठीच्या भिंतीवर आधी पेशींचे थर चढतात, थरातून बारीकशी घट्ट गाठ उभी राहते आणि कधीकधी तिचाच कॅन्सर होतो.

हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं 1977 मध्ये. ऑक्सफर्डचे पॅथॉलॉजिस्ट मायकेल डनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दीर्घकाळ डायलिसिसवर राहून मरण पावलेल्या 30 जणांच्या किडन्या तपासल्या. त्यातल्या 14 जणांच्या किडन्या गाठींनी भरलेल्या होत्या आणि काहींमध्ये ट्यूमरही होते. त्यांनी तेव्हा याला दीर्घ डायलिसिसचा धोका म्हटलं. पुढं कळलं की दोष मशीनचा नाही. डायलिसिस सुरूच न झालेल्या रुग्णांतही या गाठी सापडल्या आणि घरी पोटात पाणी सोडून डायलिसिस करणाऱ्यांतही सापडल्या. मूळ कारण निकामी किडनी आणि त्यानं बिघडलेलं रक्त. डायलिसिस फक्त माणसाला तेवढी वर्षं जगवतं, आणि त्या वर्षांत गाठींना वाढायला वेळ मिळतो. हे मुद्दाम लिहिते, कारण "मशीनमुळं कॅन्सर होतो" असं कुणीतरी सांगितलं म्हणून फेऱ्या चुकवणारे रुग्ण मी पाहिलेत. डायलिसिस चुकवलं तर पोटॅशियम आणि फुफ्फुसात भरलेलं पाणी दोन-चार दिवसांतच जिवावर बेततं.

धोका किती? 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 8 लाख 31 हजारांहून जास्त डायलिसिस रुग्णांची पाहणी छापून आली. त्यांच्यात किडनीच्या कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेतीन पटींहून थोडं अधिक होतं. ऐकायला मोठं वाटतं, पण सर्वसाधारण लोकांत हा कॅन्सर मुळातच थोड्यांना होतो, त्यामुळं साडेतीन पट होऊनही बहुतेक डायलिसिस रुग्णांना तो होत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला सगळ्यात मोठा धोका हृदयाचा असतो, त्यानंतर इन्फेक्शनचा. हा कॅन्सर त्यांच्या बराच मागं आहे. तरीही मी त्यावर एवढं लिहिते आहे, कारण तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते, आणि तो शोधायला एक साधी सोनोग्राफी बहुतेक वेळा पुरते.

दुर्मीळ प्रकार, आणि त्यातले चमकणारे स्फटिक

किडनीचा कॅन्सर हा एकच आजार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे बरेच प्रकार दिसतात. सर्वसाधारण लोकांत क्लिअर सेल नावाचा प्रकार सर्वांत जास्त, त्याच्या खालोखाल पॅपिलरी. निकामी किडन्यांतही हे दोन्ही होतात. पण आणखी दोन प्रकार असे आहेत, की त्यांची ओळखच निकामी किडन्या तपासताना पटली.

पहिल्याचं नाव लांबलचक आहे: अक्वायर्ड सिस्टिक डिसीज असोसिएटेड रीनल सेल कार्सिनोमा. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर. हा फक्त निकामी किडनीतच होतो, चांगल्या किडनीत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये आपल्या यादीत त्याला स्वतंत्र जागा दिली. त्याआधी असे कितीतरी ट्यूमर "कोणत्याच गटात न बसणारे" म्हणून किंवा पॅपिलरीच्या नावावर नोंदले गेले असतील. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तुकडे चाळणीसारखे दिसतात, पेशींमध्ये भोकंच भोकं. आणि बऱ्याचदा त्या चाळणीत ऑक्झलेटचे स्फटिक अडकलेले असतात. ऑक्झलेट म्हणजे पालक, शेंगदाणे यांतून येणारं आणि शरीरातही तयार होणारं द्रव्य, मुतखड्यात असतं तेच. चांगली किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. निकामी किडनीला ते जमत नाही, डायलिसिसनंही ते पुरतं निघत नाही, म्हणून ते साचतं. एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला विशिष्ट प्रकाश सोडून ती स्लाइड दाखवली होती. काळ्या पार्श्वभूमीवर टिकल्या सांडाव्यात तसे ते स्फटिक लखलखले. एखाद्या माणसाची डायलिसिसवरची वर्षं त्याच्या ट्यूमरमध्ये अशी नोंदली गेलेली बघून मला गलबलून आलं.

हा प्रकार दोन्ही किडन्यांत, एकाहून जास्त ठिकाणी असू शकतो. वागायला तो बहुतेक वेळा सौम्य असतो, आणि त्याचं एक कारण असं की डायलिसिसच्या लोकांचं काही ना काही निमित्तानं स्कॅनिंग होतं, त्यामुळं तो लहान असतानाच सापडतो. पण सौम्य म्हणून सोडून द्यायचा नाही. क्वचित तो पसरतोही.

दुसरा प्रकार क्लिअर सेल पॅपिलरी. सुरुवातीला तो निकामी किडन्यांत ओळखला गेला, मग चांगल्या किडन्यांतही सापडू लागला. नावात क्लिअर सेल आणि पॅपिलरी दोन्ही असले तरी तो त्या दोघांपैकी कुणाचाच सख्खा नाही. तो इतका संथ आहे की 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या नावातून "कार्सिनोमा" हा शब्द काढून नुसतं "ट्यूमर" ठेवलं. रिपोर्टवर हे नाव आलं तर जुन्या कागदांत "कार्सिनोमा" आणि नव्यात "ट्यूमर" लिहिलेलं बघून गोंधळू नका. आजार तोच आहे.

रक्त वाढलं म्हणून आम्ही पेढे खाल्ले

हा भाग लिहिणं मला जड जातं.

आमच्याकडं एक काका यायचे. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे, 30 वर्षं पॉवरलूमवर काम केलेले, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारे. डायलिसिसला 9 वर्षं झाली होती. किडनी निकामी झाली की रक्त कमी होतं, कारण रक्त तयार करायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे द्रव्य किडनीतच बनतं. म्हणून आम्ही बहुतेकांना रक्तवाढीचं इंजेक्शन देतो आणि हिमोग्लोबिन साधारण 10 ते 11.5 च्या आसपास ठेवायला बघतो. काकांचं नेहमी 9 च्या घरात असायचं. एका महिन्यात ते 11 झालं. इंजेक्शन कमी केलं. पुढच्या महिन्यात 12.4. इंजेक्शन बंद केलं. त्याच्या पुढच्या महिन्यात 13.1.

काका म्हणाले, "पोरी, किडनी सुधारालीय की काय माझी?" त्यांच्या मुलानं पेढे आणले. मी खाल्ले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

दोन महिन्यांनी पोटदुखीसाठी दुसरीकडं केलेल्या सोनोग्राफीत डाव्या किडनीत 3.4 सेंटीमीटरची घट्ट गाठ दिसली. नंतर डॉक्टरांनी मला समजावलं, की गाठींनी भरलेली किडनी आणि तिच्यातले काही ट्यूमर स्वतःच एरिथ्रोपोएटिन बनवू लागतात. इंजेक्शनशिवाय चढणारं हिमोग्लोबिन हे त्याचं चिन्ह असू शकतं. असू शकतं, एवढंच. नुसत्या पाण्याच्या गाठींमुळंही ते वाढतं. लोह भरून निघालं, दबून बसलेलं इन्फेक्शन बरं झालं किंवा अंगातलं पाणी जास्त ओढलं गेलं, तरीही आकडा वर जातो. पण इंजेक्शन बंद असताना सलग दोन-तीन महिने तो चढत असेल, तर आनंदाआधी एक सोनोग्राफी करायला हवी. आमच्या वहीत तीन महिन्यांचे आकडे एकाखाली एक, माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, तरी मला ते दिसले नाहीत.

बाकीची लक्षणंही डायलिसिसच्या माणसात अशीच लपतात. किडनीच्या कॅन्सरची सर्वांना ठाऊक असलेली खूण म्हणजे लघवीतून रक्त जाणं. पण ज्याला दिवसभरात अर्धा कप लघवी होते किंवा होतच नाही, त्याला ते दिसणार कसं? कुणाची लघवी थोडी लाल झाली तर मशीनवर रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनवर ढकलून मोकळे होतात. हेपॅरिननं रक्त जास्त वाहतं हे खरं, पण ते येतंय कुठून हे शोधावंच लागतं. कंबरेच्या वरच्या बाजूला एकाएकी जोराची कळ आली, बीपी घसरलं, चेहरा पांढराफटक पडला, तर पाण्याची गाठ फुटून आत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा घरी शेकत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीला जायचं.

सगळ्यात फसवं असतं वजन. कॅन्सरमध्ये माणूस रोडावतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण डायलिसिसच्या रुग्णाचं वजन म्हणजे मांस अधिक पाणी. मांस दोन किलो झडलं आणि त्या जागी दोन किलो पाणी साचलं, तर काट्यावर आकडा तोच राहतो. आम्ही तोच ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, धरून पाणी काढत राहतो, आणि रुग्णाला सूज किंवा धाप का लागते ते कळत नाही. घरच्यांनी काट्यापेक्षा कपड्यांकडं लक्ष द्यावं. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तर ते आम्हाला सांगा.

तपासणी कुणी, किती वेळा

डायलिसिसवरच्या सरसकट सगळ्यांची नियमित तपासणी करावी की नाही यावर जगात एकमत नाही. जपानमध्ये दरवर्षी स्कॅन करण्याची पद्धत रुळलेली आहे, कारण तिथं माणसं दशकानुदशकं डायलिसिसवर जगतात. इतर बऱ्याच देशांत माणूस बघून ठरवतात. हृदय फार कमकुवत आहे, वय 80 आहे, ऑपरेशन झेपणारच नाही, अशा माणसाला दरवर्षी गाठी मोजत बसवण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यातून फक्त काळजी वाढते. पण वय कमी आहे, ट्रान्सप्लांट करायचं आहे, डायलिसिसला 3 वर्षं होऊन गेलीत किंवा किडनीत आधीच गाठी दिसल्यात, अशांनी वर्षातून एकदा सोनोग्राफी करावी का, हे आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारावंच. पुरुषांना हा धोका बायकांपेक्षा जास्त असतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तर आणखी. बिडीच्या या गावात हे सांगताना संकोच वाटतो, पण धूम्रपान हे किडनीच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे.

सोनोग्राफीला जाताना एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. काउंटरवर सवयीनं सांगतात, "एक लिटर पाणी प्या, लघवी लागली की सांगा." डायलिसिसच्या माणसानं असं करायचं नाही. ज्याला दिवसभरात लिटरच्या आत पाणी मोजून प्यायचं आहे, तो 43 डिग्रीच्या उन्हात तहानलेला असतो, कुणी प्या म्हटलं की घटाघटा पितो आणि रात्री धाप लागून आमच्याकडं येतो. किडनी बघायला लघवीची पिशवी भरलेली लागत नाही. चिठ्ठी देतानाच सांगा, "डायलिसिसचा पेशंट आहे, फक्त किडन्या बघायच्यात."

आक्रसलेल्या, गाठींनी भरलेल्या किडनीत सोनोग्राफीला सगळं स्वच्छ दिसत नाही. शंका आली तर डाय देऊन सीटी स्कॅन करतात. डायनं किडनी खराब होते म्हणून लोक घाबरतात. ज्याला लघवी होतच नाही, त्याच्या किडनीचं आणखी बिघडायचं काही उरलेलं नसतं. ज्याला अजून बऱ्यापैकी लघवी होते, त्याच्या बाबतीत मात्र डॉक्टर तोलून-मापून ठरवतात, म्हणून दिवसाला किती लघवी होते ते मोजून सांगा. एमआरआयची वेळ आली तर डायलिसिसवर असल्याचं आधीच बजावा. एमआरआयला देतात त्या गॅडोलिनियमच्या काही जुन्या औषधांनी किडनीच्या रुग्णांची कातडी लाकडासारखी कडक झाल्याच्या घटना घडल्यात. आताची औषधं कितीतरी सुरक्षित आहेत, पण कोणतं वापरायचं ते तुमचा आजार कळल्यावरच ठरतं.

सीटीच्या रिपोर्टवर बोस्नियाक 1, 2, 2एफ, 3, 4 असं काही लिहिलेलं असतं. अमेरिकेतले रेडिऑलॉजिस्ट मॉर्टन बोस्नियाक यांनी 1986 मध्ये गाठींची ही वर्गवारी सुरू केली. 1 आणि 2 म्हणजे साधी पाण्याची गाठ, सोडून द्या. 2एफ म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा बघा. 3 म्हणजे कॅन्सर असेलही, नसेलही. 4 म्हणजे गाठीत घट्ट भाग आहे आणि तो बहुधा कॅन्सर आहे.

ऑपरेशन आणि ट्रान्सप्लांट

चांगल्या किडनीत गाठ झाली तर सर्जन तेवढीच गाठ काढून किडनी वाचवायची धडपड करतात. निकामी किडनीत ती धडपड नसते, सबंध किडनीच काढतात, आणि बहुतेकदा दुर्बिणीतून. आधी सुई टोचून तुकडा तपासावा का, असं घरचे विचारतात. सुईनं कॅन्सर पसरतो ही भीती बहुतांशी फोल आहे, तसं फार क्वचित होतं. पण तुकड्याचा रिपोर्ट काहीही आला तरी किडनी काढायचीच असेल, तर सुईची गरजच उरत नाही. काकांची डावी किडनी अशीच काढली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डायलिसिस, नंतरचे काही डायलिसिस हेपॅरिनशिवाय. चौथ्या दिवशी ते घरी गेले. रिपोर्टमध्ये तो चाळणीसारखा, स्फटिकांचा प्रकार निघाला, किडनीबाहेर गेलेला नव्हता. त्यांचं हिमोग्लोबिन परत 9 वर आलं आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. उजवी किडनी अजून आहे, तिच्यावर नजर ठेवावी लागते. थोडीफार होणारी लघवी किडनी काढल्यावर आणखी कमी होते, त्यामुळं पाण्याचं माप पुन्हा ठरवून घ्यावं लागतं.

कॅन्सर किडनीबाहेर गेला असेल तर टार्गेटेड गोळ्या किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) यांचा विचार होतो. जुनी केमोथेरपी या कॅन्सरवर फारशी चालत नाही. ट्रान्सप्लांट झालेल्याला इम्युनोथेरपी देताना नवी किडनी शरीर नाकारण्याचा धोका असतो, म्हणून तो निर्णय दोन्हीकडच्या डॉक्टरांनी मिळून घ्यावा लागतो.

"कॅन्सर झाला, आता ट्रान्सप्लांट कायमचं गेलं" असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाच्या 2020 च्या मार्गदर्शनाप्रमाणे, योगायोगानं सापडलेली 3 सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ काढल्यावर थांबायची गरज नाही. त्याहून पुढची पण सुरुवातीचीच असेल तर किमान 2 वर्षं, आणि मोठी, आजूबाजूला घुसलेली असेल तर किमान 5 वर्षं थांबायला सांगतात. वेळेवर सापडण्याचा फायदा इथं दिसतो. 2 सेंटीमीटरवर सापडली तर लगेच ट्रान्सप्लांट होऊ शकतं, 8 सेंटीमीटरवर सापडली तर हातातली वर्षं जातात.

ट्रान्सप्लांटनंतर नवी किडनी रक्त स्वच्छ करू लागली की जुन्या किडन्यांतल्या पाण्याच्या गाठी हळूहळू आटतात. कॅन्सरचा धोका मात्र उरतोच. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, आणि चुकीची पेशी हुडकायचं काम ढिलं पडतं. या गोळ्या मनानं कधीच कमी करायच्या नाहीत, त्या बंद केल्या तर नवी किडनी जाते. करायचं ते एवढंच, की तपासणीत जुन्या किडन्या विसरायच्या नाहीत. आणि त्या हमखास विसरल्या जातात. सगळ्यांचं लक्ष नव्या किडनीवर असतं, प्रोब पोटाच्या उजव्या बाजूला फिरतो, "ग्राफ्ट नॉर्मल", म्हणजे बसवलेली किडनी ठीक, असा रिपोर्ट येतो, घरचे देवाला हात जोडतात. पाठीमागच्या दोन कुणी बघितलेल्याच नसतात.

खर्चाचं म्हणाल तर डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. गाठीचं ऑपरेशन त्यात बसतं का, कुठल्या रुग्णालयात बसतं, हे आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, विचारा. उसनवारी किंवा दागिने गहाण ठेवणं त्याच्या नंतर. आणि जुने रिपोर्ट, सीडी रद्दीत टाकू नका. मागच्या वर्षी 9 मिलिमीटर असलेली गाठ यंदा 15 झाली, हे नुसत्या यंदाच्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही.

मावशींच्या मुलाचं ट्रान्सप्लांट दिवाळीच्या आधी झालं. गड्ड्याच्या यात्रेला आले होते तेव्हा दोघं सेंटरवर भेटून गेले. तोंडाला मास्क, हातात शेंगाचटणीचा पुडा. चटणी आमच्यासाठी होती. मावशींनी पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी काढून मला वाचायला दिली. सोनोग्राफीची होती. त्यांनी डॉक्टरांना सांगून तिच्यावर मुद्दाम लिहून घेतलं होतं: तिन्ही किडन्या बघाव्यात.